तिसऱ्या पावलाची तक्रार

सांडपाणी विभागाचा बास्केटबॉलशी काय संबंध, असा प्रश्न आमच्या मॅडमनी मला लेखी विचारला होता. त्याचा खुलासाही मी लेखी दिला. पण खुलासा दीड पानाच्या वर गेला की तो कबुलीजबाब वाटायला लागतो, असं आमच्या कचेरीत मानतात. त्यामुळे बरंच काही गाळावं लागलं. ते इथे सांगतो.

मी पाणी व सांडपाणी विभागाच्या तक्रार कक्षात आहे. बावीस वर्षं झाली. लोक तक्रार आणतात, मी तिला आवक क्रमांक देतो, शिक्का मारतो आणि पोचपावती देतो. पोचपावतीवर एक वाक्य असतं : 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली असून ती योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवण्यात येत आहे.' हे वाक्य माझं आहे. म्हणजे मी रचलेलं. ते वाचून माणूस शांतपणे घरी जातो आणि निदान पंधरा दिवस परत येत नाही. हे वाक्य इतर तीन विभागांनी माझं नाव न घेता उचललं आहे, पण मी त्याबद्दल कधी ब्र काढलेला नाही.

आता आमचे बाबा. बाबांनी एकतीस वर्षं बास्केटबॉलचे सामने पंच म्हणून चालवले. शाळांचे, कॉलेजांचे, क्लबांचे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी ते काम सोडलं आणि चार वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा, पडल्या पडल्या त्यांचा जीव रमावा म्हणून, माझ्या बहिणीने टीव्हीला जोडायचं ते खेळाचं यंत्र आणि बास्केटबॉलचा गेम पाठवला. गुडघा तीन महिन्यांत बरा झाला. गेम काही बरा झाला नाही.

या गेमची दरवर्षी नवी आवृत्ती निघते. वेष्टणावरचा आकडा एकाने वाढतो, आत खेळाडूंच्या केसांची ठेवण बदलते, आणि जगभरातले लोक ती नव्याने विकत घेतात. बाबाही घ्यायचे. पण बाबांचं कारण वेगळं होतं. त्यांचं म्हणणं असं की बास्केटबॉलमध्ये चेंडू हातात धरल्यावर दोनच पावलं टाकता येतात. तिसरं पडलं की पंचाने शिट्टी मारायची. आणि या गेममधले खेळाडू उघड उघड तिसरं पाऊल टाकतात, आणि गेममधला पंच ढिम्म उभा राहतो. दर आवृत्तीला बाबा आशेने वेष्टण फोडत, की यंदा कंपनीने पंचाला शिकवलं असेल. आणि तीनेक मिनिटांत हॉलमधून त्यांचा आवाज येई, "अहो पंच, पायांकडे बघा. पायांकडे."

पडद्यावरच्या त्या बोटभर पंचालाही ते अहो-जाहो करत. एका पंचाने दुसऱ्या पंचाला एकेरीवर घ्यायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

तीन वर्षांत त्यांनी कंपनीला सात पत्रं लिहिली. प्रती एका निळ्या फायलीत लावलेल्या. उत्तर एकाचंही नाही. यंदाची पाचवी आवृत्ती आली, वेष्टण फुटलं, तिसरं पाऊल पडलं, पंच गप्प राहिला. पण या वेळी बाबा ओरडले नाहीत. त्यांनी यंत्र बंद केलं, रिमोट खोक्यात ठेवला, खोकं कपाटावर टाकलं आणि गॅलरीत जाऊन बसले.

"मला जिंकायचं नाही रे," संध्याकाळी ते मला म्हणाले. "मला एवढंच कळायचंय की मी बरोबर की तो. कुणीतरी हो म्हणावं, नाहीतर नाही म्हणावं. एकतीस वर्षं मी मैदानावर उभं राहून हजार माणसांना हो किंवा नाही सांगितलं. मला एकदा कुणीतरी सांगा की."

त्यानंतर घर शांत झालं. चार दिवस कुणी पंचाच्या डोळ्यांची चौकशी केली नाही. पाचव्या दिवशी बायको मला म्हणाली, "अहो, बाबा ओरडत नाहीत. मला स्वयंपाकघरात काही सुचत नाही. तुम्ही तक्रारींचंच काम करता ना? मग करा की काहीतरी."

इथवर आलं की तळमजल्यावरच्या अपीलकाकांना टाळता येत नाही. ते कोर्टात कारकून होते. निवृत्त झाल्यापासून इमारतीतल्या प्रत्येक गोष्टीवर, अगदी जिन्यातल्या बल्बच्या रंगावरही, अपील करता येतं असं ते सांगतात. मी जिना उतरत होतो तेवढ्यात त्यांनी मला गाठलं. त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं.

"एकट्या माणसाच्या तक्रारीला वजन नसतं," ते म्हणाले. "सामूहिक करा. दोनशे खेळाडूंच्या सह्या घ्या. मग बघतो कंपनी कशी गप्प बसते. आणि बसली, तर अपील."

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण लोकांची मतं गोळा करणं हे माझं क्षेत्र. मी रविवारी सकाळी चहा घेऊन संगणकापुढे बसलो आणि खेळाडू त्या गेमबद्दल काय म्हणतात ते वाचायला लागलो. खरं सांगतो, दुपारच्या जेवणाला उठवलं तेव्हाच उठलो. बावीस वर्षांत मी इतक्या तऱ्हेच्या तक्रारी एका ठिकाणी पाहिल्या नव्हत्या.

पहिलंच मत होतं : 'यंदाचा गेम भंगार आहे. कुणीही घेऊ नका.' खाली लिहिणाऱ्याने आजवर किती वेळ खेळला त्याचा आकडा होता, सहाशे चाळीस तास. गेम बाजारात येऊन अडीच महिने झाले होते. मी कागदावर भागाकार केला. दिवसाला साडेआठ तास. माझी नोकरी आठ तासांची आहे, आणि तिच्याबद्दल माझं मतही साधारण हेच आहे, पण म्हणून मी जायचा थांबलो नाही.

दुसऱ्याने लिहिलं होतं की मागच्या वर्षीचा बरा होता. मी मागच्या वर्षीची मतं उघडली. त्यांत त्याच्या मागच्या वर्षीचा बरा होता. मला चेव चढला. मी एकेक वर्ष मागे जात राहिलो आणि नऊ वर्षं मागे, अगदी पहिल्या मतापर्यंत पोचलो. तिथे एकाने लिहिलं होतं, 'चेंडू गोल आहे. छान.' एवढा एकच समाधानी माणूस सापडला.

एकाची तक्रार होती की खेळाडूंचा घाम खरा वाटत नाही. त्याच्या खालचा म्हणत होता की घाम फारच खरा वाटतो, जेवताना खेळवत नाही. एकाने प्रेक्षकांची छाननी केली होती. पिवळ्या शर्टातला तोच माणूस एकाच वेळी तीन खुर्च्यांवर बसतो, हे त्याने चित्रांसह सिद्ध केलं होतं. आमच्याकडे असा निरीक्षक असता तर एकही गळती सुटली नसती. एक बँकेचा कॅशियर तर खेळतच नव्हता. तो नुसता संघाचा कारभार बघायचा, कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, कुणाची बढती. दिवसभर बँकेत बसून आल्यावर त्याला यात विरंगुळा वाटत होता. ही सगळी माणसं गेमला मनापासून शिव्या घालत होती आणि पुढच्या वर्षीच्या आवृत्तीची तारीख एकमेकांना विचारत होती. हे काय गौडबंगाल आहे, ते मला कळून घ्यायचंच होतं.

तिथे आपल्या भाषेत बोलणाऱ्या खेळाडूंचा एक गट होता. त्यात मी निवेदन टाकलं. वर 'विषय', खाली 'संदर्भ', मग चार रकान्यांचा नमुना : नाव किंवा टोपणनाव, किती वर्षांपासून खेळता, तक्रारीचे स्वरूप, पंचांबाबत अभिप्राय. 'एका अर्जात एकच तक्रार करावी' अशी तळटीप. तासभर सगळे हसले. मग 'डंकेश्वर' नावाच्या एकाने गंमत म्हणून अर्ज भरला, आणि त्याला माझ्याकडून पोचपावती गेली.

इथे माझी चूक झाली, आणि ती मी खुलाशातही मान्य केली आहे. पोचपावतीचा मसुदा मी कचेरीतलाच घेतला, कारण तो बरा आहे. त्यात शेवटी दोन वाक्यं असतात, ती माझ्या लक्षात राहिली नाहीत : 'तीस दिवसांत उत्तर देण्यात येईल' आणि 'तक्रारीची सद्यस्थिती विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येईल', पुढे संकेतस्थळाचा पत्ता. आणि दुसरी गोष्ट, आवक क्रमांक. एक नंबरपासून सुरू होणारी नोंदवही फार केविलवाणी दिसते. पहिल्याच तक्रारदाराला 'आवक क्रमांक १' दिला तर त्याला काय विश्वास वाटणार? म्हणून मी शनिवारी कचेरीत जिथे थांबलो होतो त्याच्या पुढचे क्रमांक घेतले. चार हजार चारशे सतरा हा बाबांना दिला, त्यांची तक्रार मीच भरली. अठरापासून बाकीचे.

सोमवारी सकाळी कचेरी उघडली आणि तिथेही, रीतीप्रमाणे, चार हजार चारशे सतरापासून गटारांच्या तक्रारी सुरू झाल्या.

खेळाडू काही गप्प बसणारी जमात नव्हे. त्यांनी संकेतस्थळावर आपापला क्रमांक घालून पाहिला. डंकेश्वरची तक्रार होती की त्याचा सात फुटी खेळाडू उडीच मारत नाही. त्याला दिसलं : 'स्थळपाहणी केली. नवीन झाकण बसवले.' दुसऱ्या एकाने लिहिलं होतं की ऐन सामन्यात गेम अडकतो. त्याच्या क्रमांकापुढे होतं : 'चोकअप काढला. प्रवाह सुरळीत.' आणि दैवयोगाने त्या संध्याकाळी त्याचा गेम खरोखरच अडकला नाही. त्याने गटात जाहीर केलं की कंपनीने अखेर एक काम करणारा माणूस नेमला आहे. मग काय विचारता. आठ दिवसांत माझ्याकडे दोनशे बारा अर्ज जमले.

मी कचेरीचं आणि घरचं काम काटेकोरपणे वेगळं ठेवत होतो, पण मसुदे एकाच ठिकाणी होते. बाजारामागे राहणाऱ्या एका बाईंच्या दारात आठवडाभर पाणी तुंबलं होतं. त्यांना माझ्याकडून पत्र गेलं की 'पंचांबाबतचा आपला अभिप्राय मोलाचा आहे'. त्या पत्र घेऊन कचेरीत आल्या.

"पंच कोण ते दाखवा मला," त्या म्हणाल्या. "मग देते अभिप्राय."

त्यांची समजूत घालून मी बसतो न बसतो तोच खिडकीशी तिघं उभी राहिली. कुरिअर कंपनीच्या गणवेशातला एक दणकट गृहस्थ, तो बँकेचा कॅशियर, आणि दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसणारी एक उंच बाई. कुरिअरवाला म्हणजे डंकेश्वर. त्याने शिपायाला विचारलं होतं, "गेम विभाग कुठे?" आणि शिपायाने, दहा वर्षांत प्रथमच, क्षणाचाही विचार न करता माझ्याकडे बोट दाखवलं.

"झाकण बसवलं म्हणता, पण उडी अजून नाही," डंकेश्वर नम्रपणे म्हणाला.

"माझा अर्ज तुम्ही परत पाठवलात," दवाखान्यातली बाई म्हणाली. "त्रुटी आहे म्हणून. ती काय ते विचारायला आलेय."

मी अर्ज पाहिला. दोनशे बारा अर्जांत हा एकच असा होता की ज्यात तक्रारीचा रकाना कोरा होता. पंचांच्या रकान्यात लिहिलं होतं, 'योग्य निर्णय देतात'. तक्रार नसलेला तक्रारअर्ज मी कसा घेणार? मी त्यावर 'त्रुटीपूर्ती करावी' असा शेरा मारून तो परत केला होता. आताही मी तिला पुढच्या गुरुवारची तारीख दिली. ती काहीतरी सांगू बघत होती, पण त्याच वेळी माझ्या मागे मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मॅडमचा स्वभाव असा की त्या चिडत नाहीत, वाचतात. त्यांनी दोनशे बारा अर्ज आपल्या टेबलावर मागवले, डबा खाताना निम्मे वाचले आणि मला आत बोलावलं.

"हे रद्द करता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "या कक्षातून आवक क्रमांक गेला की तीस दिवसांत निकाली काढावाच लागतो. रद्द करायची तरतूद नाही."

"पण मॅडम, या गटाराच्या तक्रारी नाहीत."

"नियमात 'तक्रार' म्हटलंय. गटाराची असं कुठे म्हटलंय? दाखवा मला." मी दाखवू शकलो नाही, कारण तो नियमही मीच टंकला होता. "गटारं अ, आणि हे ब. प्रत्येकाची स्थळपाहणी, मग उत्तर, मग निकाली. आणि तुमचा खुलासा उद्यापर्यंत." त्यांनी पुन्हा एक अर्ज उचलला. "हा पिवळ्या शर्टवाला खरंच तीन ठिकाणी बसतो का हो?"

तर अशा रीतीने सांडपाणी विभागाच्या नावाच्या कागदावर, जावक क्रमांक घालून, सातासमुद्रापलीकडच्या त्या कंपनीला ईमेलने पत्र गेलं. दोनशे बारा मतांचा गोषवारा आणि सर्वांत वर, क्रमांक ४४१७-ब, तिसऱ्या पावलाची तक्रार. ते मी जीव ओतून लिहिलं होतं. अपीलकाकांनी त्यात दोन ठिकाणी 'सबब' घातलं होतं.

उत्तर चार मिनिटांत आलं. चार मिनिटांत. मला कळायला हवं होतं. पण मी छापून घेतलं, पाकिटात घातलं आणि संध्याकाळी गॅलरीत बाबांच्या हातात दिलं. बायको दारात हात पुसत उभी राहिली. बाबांनी चष्मा लावला आणि पाकीट कडेने नीट फाडलं.

पत्रात लिहिलं होतं की आपण वेळ काढून मत कळवल्याबद्दल कंपनी आभारी आहे, आपल्या मताची नोंद घेण्यात आली असून ते संबंधितांकडे पाठवण्यात येत आहे. खाली एक अकरा आकडी क्रमांक.

बाबांनी ते दोनदा वाचलं. "हे तू लिहिलंयस का?"

"नाही बाबा. कंपनीचं आहे."

"मग तुझ्याकडून शिकली असेल," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी ते निळ्या फायलीत लावलं. रागावले असते तर बरं झालं असतं. मी बाहेर आलो तेव्हा माझे कान तापले होते. ते वाक्य सुबक आहे असं मी बावीस वर्षं मानत आलो होतो, आणि ते माझ्या बापाच्या हातात पडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या खिडकीवरून घरी गेलेली माणसं ते उघडून असंच बसत असतील का, हा विचार मला आला आणि तो मला अजिबात आवडला नाही.

"अपील," अपीलकाका जिन्यातून म्हणाले. मी त्यांच्या बाजूने तसाच खाली उतरलो.

गुरुवारी दवाखान्यातली बाई दिलेल्या तारखेला हजर झाली. इतक्या वर्षांत दिलेल्या तारखेला आलेली ती तिसरी व्यक्ती. मी पेन उघडलं आणि पहिल्यांदाच नमुन्यात नसलेला प्रश्न विचारला.

"दोनशे अकरा लोक तक्रार करतात आणि तुम्हाला पंच बरोबर वाटतात, ते कसं काय?"

"कारण ते बरोबर आहेत," ती म्हणाली. "मी खेळते हो. गेम नाही, खरं. दर रविवारी, क्लबकडून. चेंडू आहे का इथे?"

पाणी विभागात चेंडू कुठून असणार? पण भांडारात टाकीच्या कॉकला लावायचे काळे, गोल फ्लोट होते. शिपायाने एक आणला. तिने पर्स माझ्या टेबलावर ठेवली, चपला काढल्या आणि लांबच्या कॉरिडॉरमध्ये, नळजोडणीच्या अर्जांच्या रांगेला बाजूला सारून, फ्लोट आपटत धावत आली. फ्लोट फारसा उसळत नव्हता, पण कल्पना आली. मॅडम खोलीतून बाहेर आल्या. रांगेतले लोक मोजायला लागले.

"एक, दोन, तीन," मॅडम म्हणाल्या. "तीन पडली. शिट्टी."

"नाही मॅडम. चेंडू दोन्ही हातांत येत असताना जो पाय जमिनीवर असतो ना, तो मोजायचाच नाही. त्याला शून्य धरतात. त्याच्यापुढे एक, दोन. नियम बदललाय."

"कधी?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"सातेक वर्षं झाली असतील."

बाबांनी नऊ वर्षांपूर्वी पंचाचं काम सोडलं होतं. मी तिला फ्लोट घेऊन आणखी दोनदा धावायला लावलं. मग खाली बसून तिच्या पावलांवर नजर ठेवली. मग स्वतः उठून करून पाहिलं आणि नळजोडणीच्या एका अर्जदारावर आदळलो. त्याने माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे, ती वेगळी. पण मला एकदम मौज वाटायला लागली होती. शून्य पाऊल. आपण टाकतो आणि ते मोजलं जात नाही. इतकी वर्षं बाबांसोबत राहून मी त्यांच्या खेळातलं हे एवढंसं कधी वाकून पाहिलं नव्हतं. आणि पाठोपाठ आठवलं की हे आता घरी सांगायचं होतं.

सोपा मार्ग होता. 'आपला मुद्दा तपासण्यात आला असून' असं सुरू करायचं आणि कुठेही न पोचता संपवायचं. ते मला झोपेतही येतं. बावीस वर्षांत मी कुणालाही सरळ 'नाही' लिहिलेलं नव्हतं. 'नाही' म्हटलं की माणूस समोर उभा राहून 'का' विचारतो.

शनिवारी दुपारी मी स्थळपाहणीचा फॉर्म आणि फ्लोट घेऊन हॉलमध्ये आलो. बाबा गॅलरीत होते.

"४४१७-ब ची स्थळपाहणी करायचीय," मी म्हणालो. "यंत्र लावता का?"

त्यांनी कपाटावरचं खोकं मला काढायला सांगितलं. सामना सुरू झाला, त्यांचा खेळाडू पळाला, आणि त्यांनी चित्र थांबवून पुन्हा सावकाश फिरवलं. "हे बघ. एक. दोन. आणि हे तिसरं. पडलं की नाही?"

"पडलं," मी म्हणालो, आणि फॉर्मवर लिहिलेलं उत्तर वाचून दाखवलं. चारच ओळी होत्या. 'आपली तक्रार चुकीची आहे. पंच बरोबर आहेत. सात वर्षांपूर्वी नियम बदलला असून चेंडू हातात येतानाचे पाऊल आता मोजत नाहीत. हे आपल्याला कुणी कळवले नाही, याबद्दल वाईट वाटते.'

शेवटचं वाक्य नमुन्यात बसत नाही, ते मला माहीत आहे.

स्वयंपाकघरातलं पाणी वाहायचं थांबलं; बायको दारात कान देऊन उभी होती. मग बाबांनी हात पुढे केला, मला वाटलं फॉर्मसाठी, पण त्यांनी फ्लोट घेतला.

"शून्य म्हणजे कुठला? हा? चेंडू इथे असताना?"

"नाही, त्याच्या आधीचा. हातात येताना."

"उभा राहा. तू कर, मी बघतो."

मी केलं. मग त्यांनी केलं, ऑपरेशनच्या गुडघ्यावर, सोफ्यापासून गॅलरीच्या दारापर्यंत, मोजत. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा ते मधेच थांबले आणि हसले. "अरे, चांगला आहे की नियम. खेळ वेगवान होतो. कुणीतरी डोकं लावलंय." मग ते पडद्याजवळ गेले. थांबलेल्या चित्रात तो बोटभर पंच हात मागे बांधून उभा होता. "माफ करा हं," बाबा त्याला म्हणाले. "माझी चूक होती."

"तुमची कसली चूक? नियम बदलला त्याला तुम्ही काय करणार?"

"पंचाला नियम माहीत नसणं ही चूकच." ते बसले आणि त्यांनी खोक्यातून दुसरा रिमोट काढला, तो बहुधा चार वर्षांत कुणी वापरला नव्हता. त्याचं प्लास्टिक ते नखाने सोलत राहिले. "हे शोधायला तुला किती वेळ लागला?"

"शोधायला म्हणजे, कॉरिडॉरमध्ये पाच मिनिटं."

"कंपनीला मी नंतर लिहायला लागलो," प्लास्टिक सोलता सोलता ते म्हणाले. "त्याच्या आधी वर्षभर तुला सांगत होतो. रोज जेवताना."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती माहिती दिल्यासारखं म्हणाले. मी आठवायचा प्रयत्न केला. ताट आठवलं, भिंतीवरचं घड्याळ आठवलं, बाबांचा हलणारा हातही आठवला. ते काय म्हणत होते ते आठवेना.

"मी काय म्हणायचो?"

"बघतो म्हणायचास."

मला लाज वाटली. इतकी, की बायको दारातून आत गेली ते बरं झालं. दोनशे बारा लोकांना मी क्रमांक दिले, रकाने दिले, त्यांचा घाम आणि त्यांचे पिवळे शर्ट निगुतीने वाचले. आणि एक माणूस वर्षभर माझ्या ताटासमोर बसून एकच प्रश्न विचारत होता, त्याला मी वाट दाखवली कंपनीची.

बाबांनी रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. पडद्यावर दोन संघ उभे राहिले होते. मी तो उलटसुलट करून पाहिला. त्याला चौदा तरी बटणं होती.

"बाबा, पास द्यायचं बटण कुठलं?"

"बघतो," बाबा म्हणाले. आणि मग माझा अंगठा धरून त्यांनी तो बटणावर ठेवला.